तहाचा धोंडा

मेथी उभ्याने उपटता येत नाही. उकिडवं बसावं लागतं, एका हाताने रोप मुळाशी धरून ओढावं लागतं, दुसऱ्या हाताने माती झटकावी लागते आणि तसंच बदकासारखं पुढे सरकावं लागतं. कीर्ती हे पुण्यात शिकली नव्हती. पुण्यात तिला मेथी जुडीच्या रूपातच भेटत असे. ती हे शिकली किल्डेअर काउंटीत, नासच्या बाहेर, अर्ध्या एकरात, कमरेला प्लास्टिकची पिशवी बांधून. मे महिना होता, म्हणजे पाऊस गार होता. जानेवारीत तो जास्त गार असतो, एवढाच तिथल्या ऋतूंतला फरक.

नवरा, उल्हास, लिक्सलिपच्या चिपच्या कारखान्यात इंजिनीयर. तिथे तो डोक्यापासून पायापर्यंत पांढरा झगा घालून वावरे, कारण धुळीचा कण पडला तरी चिप वाया जाते. संध्याकाळी घरी आला की बायकोच्या नखांतली माती बघे आणि हात धुवायला जाई. स्वतःचे.

शेत म्हाताऱ्या मॅटचं. तिकडे अशी जमीन अकरा महिन्यांच्या बोलीवर देतात. मॅटने तळहातावर थुंकून हात पुढे केला होता; कीर्तीने एकदा त्या हाताकडे बघितलं, एकदा शेताकडे, आणि मग आपला हात दिला. हॅलोवीनपर्यंत, म्हणजे ऑक्टोबरअखेरपर्यंत, शेत तिचं. फेब्रुवारीत मॅट वारला. दफनाला कीर्ती पालकाच्या दोन जुड्या घेऊन गेली होती, कारण रिकाम्या हाताने कसं जायचं हे तिला कळेना. कुणीतरी त्या गंभीरपणे फुलांच्या शेजारी ठेवल्या.

पुण्यातली नोकरी सोडून ती नवऱ्यामागे आली, तेव्हापासून या देशाच्या दप्तरात ती ‘नवऱ्यावर अवलंबून’ होती. मेथी कुणावर अवलंबून नव्हती. मेथी ब्युमॉन्टच्या हॉस्पिटलातल्या केरळी नर्सेस नेत, डब्लिनमधली इंडियन दुकानं नेत, आणि जुडी हातात घेऊन ‘ही कीर्तीची’ असं म्हणत. तिच्या नावाने ओळखली जाणारी तेवढी एकच गोष्ट त्या बेटावर होती.

बोली तिची, पण लागवडीचा अर्धाच भाग तिचा. उरलेला झरवली खानचा. झरवली तेहतीस वर्षांचा पठाण. संध्याकाळी तो नासमधल्या एका दुकानात बटाट्याच्या चिप्स तळी आणि कबाब कापी. दिवसा इथे गंदना लावी. गंदना म्हणजे कांद्याच्या पातीचा अफगाणी चुलतभाऊ. झरवलीची भाषा पेशावरकडची उर्दू, ती इथे मराठीत दिली आहे, कारण कीर्तीच्या सासूबाईंना ती मराठीच वाटे आणि त्या तिला मराठीतच उत्तरं देत.

सासू-सासरे, शोभनाबाई आणि नंदकुमार, एप्रिलमध्ये बार्शीहून तीन महिन्यांसाठी आले होते. नंदकुमारांना सगळे आबा म्हणत. घरात बसून त्यांचे गुडघे धरले, म्हणून ते शेतावर येऊन उपड्या क्रेटवर बसू लागले आणि जुड्या बांधू लागले.

“तुमचं गाव कुठलं म्हनला?” आबांनी विचारलं.

“खोस्त.”

“काबूलच्या जवळ का?”

“काबूल आमच्यापासून लांब आहे.” झरवलीने हे असं सांगितलं, की लांब असण्यात चूक काबूलची होती. “मधे घाट आहे. बर्फ पडला की काबूल बंद. दुसऱ्या बाजूला सरहद्द. पलीकडे मीरामशाह, ते पाकिस्तानात. सकाळी जाऊन दुपारी जेवायला परत यायचो. बाजारात पैसाही त्यांचाच. आम्ही त्याला कलदार म्हणतो.”

“कलदार आमचा आजा बी म्हनायचा,” आबा सरसावून बसले. “आमचं बार्शी बी सरहद्दीवरच हुतं की. हिकडं इंग्रज, पलीकडं निजाम. रझाकाराच्या वक्ताला पलीकडची मानसं पोरंबाळं घिऊन आमच्या पडवीत झोपायला.”

“वेढा पडला होता?”

“कुनाला?”

“बार्शीला.”

आबांनी जुडीला सुतळीचा एक वेढा दिला. “तसा न्हाई.”

“मग आमचं पुढे,” झरवली म्हणाला आणि गंदना कापू लागला. “आम्हाला अकरा वर्षं होता. रस्ता बंद. मधे एकदा उघडला होता, थोडे दिवस. ट्रक आले, साखर आली, पुन्हा बंद. मग सगळं विमानाने. दिवसा विमान उतरलं तर डोंगरावरून मारायचे, म्हणून रात्री यायचं, दिवे न लावता. आम्ही पोरं अंथरुणात आवाज ऐकून सांगायचो, पिठाचं आहे का गोळ्यांचं.”

“डोंगरावर कोन, रशियन?”

“छे. आमचेच मुजाहिदीन. डोंगरावर माझा मामा, शहरात माझा बाप. मातूनच्या किल्ल्याखाली बापाचं दुकान, साबण, चहा, चिलगोजे. मामा रोज दुकानाच्या दिशेने तोफ मारायचा. अकरा वर्षांत एकदा लागली नाही. बाप म्हणायचा, माझ्या लग्नातही हा असाच होता, एक काम धड नाही.”

कीर्ती वाफ्यात हसली आणि तिच्या कमरेत कळ आली.

“मग शहर पडलं. जिंकणाऱ्यांनी बाजार इतका नीट लुटला, की दारांच्या चौकटीसुद्धा नेल्या. मामा आमच्या दुकानात आला, बापाच्या गळ्यात पडून रडला, आणि जाताना पंखा घेऊन गेला. वीज नव्हती. तरी नेला.”

“आन् आता?”

“आता परत बांधलंय. विद्यापीठ आहे, निळ्या घुमटांची मशीद आहे, विमानतळावर अमेरिकन आहेत, आणि घरटी एक माणूस दुबईत टॅक्सी चालवतो. फार मोठं शहर झालंय.”

आबांनी नवी जुडी हातात घेतली. बार्शी अशी हरू देणं त्यांना परवडणारं नव्हतं. “आमच्याकडं छोटी रेल्वे हुती,” ते शेवटी म्हणाले. “चालत्या गाडीतनं उतरायचं, बोरं तोडायची, पळत जाऊन पुन्हा त्याच डब्यात बसायचं.”

“खोस्तला रेल्वे नाही,” झरवलीने कबूल केलं. आबांनी ती जुडी जरा घट्ट बांधली.

डेक्लन आला तो गुरुवारी. मॅटचा पुतण्या, चाळिशीचा, कोरड्या बुटांचा. कुंपणापलीकडे अर्धवट घरांची वसाहत उभी होती. बांधणारा मंदीत बुडाला आणि खिडक्यांच्या जागी प्लायवूड ठोकून निघून गेला. आता ती वसाहत कुणी नव्याने घेत होतं, त्याला मागून रस्ता हवा होता, आणि रस्ता या अर्ध्या एकरातूनच सरळ जात होता.

“सोमवारी डिगर येईल,” डेक्लन म्हणाला. “तुमचं सामान तेवढं उचला.”

“पण बोली हॅलोवीनपर्यंत आहे,” कीर्ती म्हणाली.

“कुणाशी?”

“मॅटशी.”

“मग मॅटला विचारून या.” त्याने वाकून मेथीचं एक रोप उपटलं, पानं बघितली, टाकून दिलं. “क्लोव्हरचं गवत कशाला लावता? हे आमच्याकडे फुकट उगवतं.”

“सॉरी,” कीर्ती म्हणाली. आयर्लंडात राहून तिला ती सवय जडली होती. दुकानात कुणी तिच्या पायावर पाय दिला तरी सॉरी तीच म्हणे.

इतक्यात झरवलीने पडक्या भिंतीतला एक धोंडा पोटाशी धरून आणला, शेताच्या तोंडाशी उभा रोवला आणि हात झटकले. “बोलणं पूर्ण होईपर्यंत आता कोणी हलायचं नाही,” तो इंग्रजीत म्हणाला.

“हा युवर मॅन, हा बुवा, काय करतोय?” डेक्लनने कीर्तीला विचारलं. तिला माहीत नव्हतं. “ग्रँड,” तो म्हणाला, म्हणजे ठीक आहे. “सोमवारी.”

तो गेल्यावर झरवलीने सांगितलं. खोस्तभोवतीच्या डोंगरांत दोन टोळ्यांचं चिलगोज्याच्या झाडांवरून वा पाटाच्या पाण्यावरून जुंपलं, की वडीलधारे मधे येतात आणि धोंडा ठेवतात. त्याला तीगा म्हणतात. धोंडा आहे तोवर तह. जिरगा, म्हणजे पंचायत, बसते, बोलणं होतं, आणि तोवर बंदूक खाली.

“आणि कुणी मोडला तर?”

“त्याला मेंढ्यांचा दंड. फारच झालं तर घर जाळतात.”

“खानभाई, इथे कुणाचं घर जाळायचं नाही.”

“मी कुठे म्हटलं, भाभी? इथली घरं ओली असतात.”

संध्याकाळी उल्हासने ऐकून घेतलं. “सोड ते शेत. आपला नागरिकत्वाचा अर्ज आत आहे. भांडण कशाला?”

“मी भांडले नाही. मी सॉरी म्हणाले.”

“हे बरं केलंस.”

ते ‘बरं’ कीर्तीला रात्रभर टोचत राहिलं, जेवताना दाताखाली आलेल्या खड्यासारखं.

रविवारी शोभनाबाई धपाट्यांचा डबा घेऊन शेतावर आल्या. शेताच्या तोंडाशी उभा धोंडा रोवलेला असला, की शोभनाबाईंना पुढचं सांगावं लागत नाही. त्यांनी तो बाटलीतल्या पाण्याने धुतला. पर्समधल्या डबीतलं कुंकू डोक्याच्या तेलात कालवून माखलं. कुंपणाची काटेरी झाडं पांढऱ्या फुलांनी लगडली होती. त्यातली एक चांगली फांदी मोडून वाहिली. हात जोडून उभ्या होत्या तेवढ्यात झरवली सायकलवरून आला.

“मोर,” तो म्हणाला. त्याच्याकडे आईला मोर म्हणतात, आणि शोभनाबाईंनी ते पहिल्याच दिवशी चालवून घेतलं होतं. “मोर, हे काय केलंत?”

“म्हसोबा तसाच उघडा ठिवला हुतास. कुंकवाचं बोट न्हाई, काय न्हाई.”

“हा म्हसोबा नाही. हा तह आहे.”

“आसंल. तुमच्यात तह म्हनत असत्याल.”

“ह्याची पूजा करत नाहीत. आमच्यात गुन्हा आहे तो.”

“मग तू करू नगंस. मी केली की.”

झरवलीने बाही पुढे केली आणि कुंकू पुसायला वाकला.

“हात लावू नगंस. पूजा झालीया. आता त्येला हात लावायचा न्हाई.”

“तेच तर मी सांगतोय. त्याला कोणीच हात लावायचा नसतो. तुम्ही लावलात.”

“पर आता कुनी लावायचा न्हाई ना?”

“कोणीच नाही.”

“मग तू भांडतुयास कशापायी?”

झरवली धोंड्याभोवती एक फेरी मारून आला, आणि ती प्रदक्षिणा दिसेल हे लक्षात येऊन अर्ध्यातून उलटा फिरला. “आमच्या बाजारात हिंदू दुकानदार होते,” तो कीर्तीकडे बघून म्हणाला. “कापडवाले, शेजारीच. त्यांच्या बायका झाडाला दोरे बांधायच्या. बाप मला म्हणायचा, तिकडे बघू नको. आणि एकदा कोणी ते झाड तोडायला आलं, तर दुकान उघडं टाकून पहिला तोच धावला. घरी आल्यावर आईला म्हणाला, मी काही पाहिलं नाही.”

मग तो धोंड्याकडे पाठ करून बसला आणि चार धपाटे खाल्ले. ठेच्याने त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. ते धार्मिक नव्हतं.

सोमवारी उजाडल्यापासून कीर्ती वाफ्यात होती. मेथी अजून चार बोटं उंच, जुडी बांधायला कोवळी. तरी जेवढी हाती लागेल तेवढी उपटायची, असं तिने ठरवलं होतं. शरण जायचंच तर रिकाम्या हाताने कशाला. उल्हास कारखान्यात होता; सासू-सासरे आणि झरवली बांधावर होते. डिगर आणि मागोमाग डेक्लन आला तेव्हा तिची पाठ गेटकडे होती. तिला डिगर आधी तळपायांत जाणवला.

डिगर चालवणारा ख्रिस्टी साठीचा, लाल मानेचा. धोंड्यापुढे येऊन त्याने इंजिन बंद केलं. खाली उतरून कुंकू बघितलं, मग फांदी बघितली, आणि टोपी काढली.

“ही फांदी कुणी मोडली?” त्याने बोट दाखवून विचारलं.

शोभनाबाईंना बोट कळलं. “म्या,” त्या म्हणाल्या.

“मेमध्ये,” ख्रिस्टी स्वतःशी म्हणाला. “व्हाइटथॉर्न. मेमध्ये.” त्या फुलांच्या वाटेला आयर्लंडातला जुना माणूस जात नाही, ती ज्यांची असतात त्या मातीखालच्या अदृश्य लोकांचं नाव घेत नाहीत. त्याने केबिनमधून डबा काढला. “डेक्लन, मी रस्ते करतो. असल्या भानगडीत पडत नाही.” आणि तो डिगर लादून आणलेल्या आपल्या गाडीत जाऊन रेडिओ लावून बसला.

“एकविसावं शतक आहे,” डेक्लन म्हणाला. तो पुढे झाला, धोंड्याला मिठी मारली, उचलला आणि कडेच्या चरात टाकून दिला.

धोंड्याने काही केलं नाही. वीज पडली नाही, टोळी चालून आली नाही. डेक्लनच्या शर्टाला कुंकू लागलं, एवढंच. शोभनाबाई मटकन खाली बसल्या आणि झरवलीने डोळे मिटून घेतले. दोघांचीही आपापल्या ठिकाणी फसगत झाली होती.

डेक्लन केबिनमध्ये चढला. ख्रिस्टीने किल्ली तिथेच ठेवली होती. यंत्र दोन आचके देऊन पुढे आलं, कोथिंबिरीच्या वाफ्यावरून गेलं आणि कीर्तीपाशी येऊन थांबलं. माती उचलायचं लोखंडी सूप तिच्या डोक्यावर होतं. त्यातून चिखल ठिबकत होता.

“उठ,” डेक्लन ओरडला.

कीर्ती उठली नाही. धैर्याचा भाग त्यात तूर्त नव्हता. पहाटेपासून उकिडवं बसून तिचे दोन्ही पाय बधिर झाले होते. मांडीखाली काही आहे याची तिला खबर नव्हती. एक गोळा चिखल तिच्या भांगात पडला.

खिशात फोन वाजला. आबांनी मुलाला कळवलं होतं.

“कीर्ती, उठून घरी ये,” उल्हास म्हणाला. “आत्ता.”

“उठता येत नाही.”

“कुणी धरून ठेवलंय?”

“पाय.”

“काय पाय?”

ती बोलेपर्यंत पायांत मुंग्या आल्या, टाचांपासून वर चढल्या, आणि सोसवेनाशा होऊन हळूहळू ओसरल्या. पाय परत तिचे झाले. आता उठता आलं असतं. कीर्तीने मनात चाचपून बघितलं, आणि तिला उठावंसं वाटत नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदाच तिच्या बसण्यामागे काहीही कारण नव्हतं. नुसती इच्छा होती.

“उल्हास, ठेवते. माझं काम चालू आहे.”

तिने पुढचं रोप मुळाशी धरलं, उपटलं, माती झटकली. शेजारी झरवली येऊन बसला. आबा क्रेट घेऊन आले आणि तिच्या दुसऱ्या बाजूला, गुडघे लांब करून बसले. शोभनाबाई होत्या तिथून सरकत सरकत आल्या आणि त्यांनीही एक रोप उपटलं. हात रिकामे ठेवायची त्यांना सवय नव्हती.

“धोंडा हलवलास,” झरवली वर बघून म्हणाला. “आता तुला मेंढी द्यावी लागेल.”

“काय द्यावी लागेल?”

“मेंढी. चांगली. दोन वर्षांची.”

“किती वेळ बसणार आहात तुम्ही?”

“आमचं शहर अकरा वर्षं बसलं होतं,” झरवली म्हणाला. घाई नव्हती, दुकान संध्याकाळी उघडायचं होतं.

“मी गार्डांना बोलवीन.” तिकडे पोलिसांना गार्ड म्हणतात.

“बोलवा,” कीर्ती म्हणाली. “आम्हाला अकरा वर्षं नको आहेत. आम्हाला हॅलोवीनपर्यंत बसायचंय. मॅटने हात दिलाय, तुम्हाला त्याचं शेत मिळालं तेव्हा त्याचा शब्दपण मिळाला. आणि हे क्लोव्हर नाही. हिला मेथी म्हणतात.”

यात कुठेही सॉरी नव्हतं. ती पुढे काहीतरी म्हणेल म्हणून डेक्लन वाट बघत राहिला. त्याने दांडा ओढला. सूप वीतभर खाली आलं आणि तिच्या केसांना टेकलं. आबांनी आपली चालायची काठी उचलून सुपाला आडवी लावली. लोखंडापुढे ती काठी फारच बारीक दिसत होती, पण आबा ती धरून असे बसले, की सूप त्यांनीच अडवून ठेवलंय.

गाडीचं दार आपटलं. ख्रिस्टी तोंड पुसत आला आणि केबिनच्या पायरीवर चढला.

“उतर.”

“मी तुला तासावर पैसे देतोय.”

“यंत्र माझं आहे. ते बाईच्या अंगावरून जाणार नाही. उतर, डेक्लन.”

ख्रिस्टीने सूप वर घेतलं, यंत्र आलं त्याच वाटेने उलटं नेलं, आणि जाताना चरातल्या धोंड्याच्या बाजूला बघितलं नाही. कोथिंबिरीत दोन खोल चाकोऱ्या उरल्या, चिरडलेल्या पानांच्या वासाने काठोकाठ भरलेल्या. डेक्लन शेतात एकटा उभा होता, त्याचे बूट आता कोरडे नव्हते.

कीर्ती उठली. पुढच्या वाफ्यासाठी सवयीने रात्री भिजत घातलेलं मेथीचं बी बादलीत होतं. ती बादली घेऊन चाकोरीत शिरली आणि डेक्लनच्या देखत, गेटपासून सुरुवात करून, मुठीने बी टाकत निघाली. त्याच्याजवळ आल्यावर थांबली.

“पाय,” ती म्हणाली.

त्याने पाय बाजूला घेतला. ती पुढे गेली.

गार्ड आले नाहीत. धोंडा चरातच राहिला. तो वर काढायचा तर कुणी आणि कशासाठी, यावर मोर आणि खान यांचं एकमत होईना. उल्हासने बायकोशी एक दिवस अबोला धरला आणि दुसऱ्या दिवशी कारखान्यातून येताना, पांढरा झगा काढल्यावर, शेतावर येऊन विचारलं की काठी कुठे लावली होती आबांनी. आबांनी दाखवलं. बार्शीत असं नेहमी होतं, असंही सांगितलं.

आठवड्याने डेक्लन आला. चाकोऱ्यांत मेथी वर आली होती, दोन रेघा, गेटपासून दुसऱ्या टोकापर्यंत. कीर्तीने इतक्या सरळ ओळी कधी पेरल्या नव्हत्या.

डेक्लन बूट जपत ओळींच्या कडेला उभा राहिला. “रस्ता इथूनच जाणार,” तो म्हणाला. मग घसा साफ केला. “हॅलोवीननंतर.”

“हो,” कीर्ती वाफ्यातून मान वर न करता म्हणाली. “जाताना गेट लावा. मेंढ्या शिरतात.”

डेक्लनने गेट लावलं. बाहेरून.